देवाला आधीच ठाऊक होतं, मग माझा दोष कसला?

मावशी, सलाम.

मी सोलापूरचा. वय ३४, चादरीच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. दारू बाविसाव्या वर्षी लागली. गेल्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) उपासना संपल्यावर पाळकसाहेबांसमोर आणि आईसमोर शपथ घेतली आणि सात महिने थेंबाला शिवलो नाही. नोव्हेंबरात एका मित्राच्या वरातीत गेलो आणि प्यालो. रात्री दीडला घरी आलो तर आईनं माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालून ठेवलेलं. उशाशी तांब्या, शेजारी झाकलेलं ताट. एवढंच म्हणाली, “मला ठाऊकच होतं.”

पुढच्या रविवारी पाळकांनी नेमकं १३९वं स्तोत्र घेतलं. जिभेवर शब्द येण्याआधीच तो देवाला कळलेला असतो, त्यावर बोलले. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. देव सर्वज्ञ, म्हणजे मी पिणार हे त्याला जगाच्या आरंभापासून माहीत. त्याचं जाणणं चुकू शकत नाही. मग त्या रात्री मी न पिणं शक्य होतं का? शक्य असेल तर देव चुकू शकतो. शक्य नसेल तर माझा दोष कसला? आई चुकू शकते, देव चुकत नाही, तेव्हा आईचं उदाहरण देऊन मला गप्प करू नका. जकार्ड मागाला भोकं पाडलेले जे पुठ्ठे लावले तेच फूल चादरीवर उमटतं. माझे पुठ्ठे आधीच पाडून ठेवलेत.

आता आठवड्यातून तीन-चारदा होते. प्रभुभोजनाला बसत नाही. आईशी बोलणं बंद आहे. जानेवारीत मावसभावाचं लग्न आहे. सगळं ठरलेलंच असेल तर झगडायचं कशाला?

एक जॉबर, सोलापूर

*

सलाम. बस जरा, उत्तर लांबणार आहे.

“आई चुकू शकते, देव चुकत नाही” हे लिहून तू माझं अर्धं उत्तर आधीच कापून टाकलंस. अठ्ठावीस वर्षं मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, आणि इतकी नेटकी मांडणी करणारी मुलं मला फार थोडी भेटली. माग कुठे अडतोय ते तुझ्या कानाला कळतं, तसंच हे. पण एक विचारते, रागावू नकोस. हा प्रश्न तुला एप्रिल ते नोव्हेंबर का पडला नाही? त्या सात महिन्यांत तू पिणार नाहीस हेही देवाला आधीच ठाऊक होतं की. तेव्हा नाही म्हणालास, यात माझं काय, पुठ्ठेच तसे होते! मंडळीपुढे साक्ष दिली असशील, लोकांनी पाठीवर थापही मारली असेल, आणि ती तू घेतलीस.

म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. तो फार जुना आहे आणि खरा आहे. ख्रिस्ती धर्माचा एक टीकाकार होता, केल्सस. त्याचं म्हणणं असं की येशूनं देव म्हणून सांगितलं असेल की एक शिष्य आपल्याला धरून देणार, तर ते व्हायलाच हवं होतं. मग त्या शिष्याला बोल कसला लावता? तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडितानं त्याला उत्तर दिलं. सांगितलं म्हणून घडलं असं नाही, घडणार होतं म्हणून सांगता आलं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, ते तू उलटं धरलंयस, असा त्याचा रोख. आणि तुझ्या शेवटच्या वाक्याचाही, त्या “झगडायचं कशाला”चाही, तिथे समाचार आहे. त्या काळी या विचाराला ‘आळशी युक्तिवाद’ म्हणत: बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय नि न बोलावला काय, बरा होशीलच. ओरिगेन म्हणतो, छान, मग मूल व्हायचं नशिबात असेल तर बाईजवळ न जाताही होईल! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकायची. पण मुद्दा बिनतोड आहे. घडणाऱ्या गोष्टीत तिच्याकडे जाणारा रस्ताही येतो.

आता तुझ्या मांडणीतला निसटलेला दोरा. ‘शक्यच नव्हतं’ हा शब्द तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलास आणि ते तुझ्या लक्षात आलं नाही. असं बघ. जो पोरगा दहावीला गणितात पास झाला, त्याला पस्तीसपेक्षा कमी मार्क असणं शक्यच नाही. मान्य? पण म्हणून त्याचं पास होणं अटळ होतं का? अभ्यास केला नसता तर नापास झाला असता आणि मार्कही तसेच असते. न निखळणारा आहे तो पास आणि पस्तीस यांच्यातला सांधा. देवाचं जाणणं आणि तुझं पिणं यांच्यातला सांधाही तसाच आहे, कधी न निखळणारा. पण त्यावरून तू प्यायलाच हवं होतंस असं निघत नाही. त्या रात्री तू सोडा पिऊन घरी आला असतास तर देव चुकला नसता. तो जगाच्या आरंभापासून सोडाच जाणत असता.

तू इथे थांबणारा नाहीस. म्हणशील, मावशी, पण त्याचं जाणणं होऊन गेलंय ना? मी जन्मायच्या आधी. होऊन गेलेलं मला बदलता येत नाही, आणि त्यातून माझं पिणं निघतं. बरोबर, हाच खरा काटा. १९६५ साली नेल्सन पाइक या अमेरिकी तत्त्वज्ञानं तो असाच मांडला. त्याच्या उदाहरणात जोन्स नावाचा गृहस्थ शनिवारी अंगणातलं गवत कापतो आणि देवाला ते ऐंशी वर्षं आधीपासून ठाऊक असतं. गवताच्या जागी वरात ठेवली की तुझं पत्र तयार.

याच्यावरचं सगळ्यात देखणं उत्तर तुरुंगात लिहिलं गेलं. बोएथियस हा रोमन घराण्यातला मोठा अधिकारी, थिओडोरिक राजाच्या दरबारातला. राजद्रोहाचा आरोप आला, इटलीत पाविया इथे कैदेत पडला, आणि इसवी सन ५२४च्या सुमारास त्याला ठार मारलं. मरण समोर दिसत असताना हा माणूस हेच विचारत बसला होता, म्हणून मला तो कोरडा पंडित वाटत नाही. तो म्हणतो, देव ‘आधी’ जाणतो हे बोलणंच आपल्या बाजूनं आहे. देव काळाच्या रांगेत आपल्या पुढे उभा नाही. त्याला सगळं आयुष्य एकदम, आत्ता, समोर आहे.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या, तू लहानपणापासून पाहिले असशील. माझ्या माहेरच्या गच्चीवरून रस्त्याचं वळण दिसायचं. खाली गर्दीत उभं राहिलं की एकच काठी दिसते, पुढची गेलेली असते, मागची यायची असते, आणि लोक एकमेकांना विचारत असतात, “कुठवर आल्या?” गच्चीवरून सातही काठ्या एका नजरेत दिसायच्या. एका वर्षी तिसरी काठी डावीकडे कलली. बाराबंदीतला तो माणूस गुडघ्यात वाकला, पाय रोवले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि काठी सरळ झाली. मी श्वास रोखून बघत होते. माझ्या बघण्यानं काठी कललीही नाही नि सावरलीही नाही. सावरली त्यानं. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानं तेराव्या शतकात हाच दाखला वाटसरूंचा दिला: वाटेवरच्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावर बसलेल्याला अख्खी वाट दिसते. बोएथियसचा स्वतःचा दाखला याहून साधा आहे. माणूस चालताना आणि सूर्य उगवताना तुला एकाच वेळी दिसतात. तू दोन्ही बघतोस म्हणून ते दोन्ही सारखे होत नाहीत. सूर्याला उगवण्यावाचून गत्यंतर नाही, माणूस मनात आलं तर थांबतो.

मला हे उत्तर आवडतं, पण पूर्ण पुरत नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. कारण पेत्र, येशूचा शिष्य. गच्चीवरचा देव गच्चीवरच राहिला असता तर ठीक होतं; पण तो खाली आला, पेत्राच्या शेजारी जेवायला बसला आणि म्हणाला, कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. आता ते जाणणं काळात आलं, कानांनी ऐकलं गेलं. पेत्राला सुटका होती का? चौदाव्या शतकातला इंग्रज, फ्रान्सिस्कन संघातला साधू विल्यम ऑफ ओखॅम म्हणतो, होती. सगळा भूतकाळ सारखा घट्ट नसतो. ‘काल पाऊस पडला’ हे घट्ट झालं. पण ‘लग्नाच्या दोन महिने आधी मी चादर विकत घेतली’ हे आज खरं ठरायचं तर लग्न व्हावं लागतं. नाव भूतकाळाचं, पण ते अडकलंय पुढच्या गोष्टीत. (चादरीचा दाखला माझा, त्याचा नव्हे.) देवाचं जाणणं या दुसऱ्या जातीचं आहे, आणि ते तुझ्या निवडीवर टेकलेलं आहे. मग देवाला हे जाणता येतं तरी कसं? ओखॅमनं सरळ कबूल केलं की या जन्मी ते कुणाला स्पष्ट सांगता येणार नाही. हे वाचलं तेव्हा मला तो माणूस एकदम आपला वाटला. अलीकडे काही ख्रिस्ती विचारवंत म्हणतात की पुढचं अजून घडलंच नाही, तर जाणायचं काय, देवापुढेही ते मोकळंच आहे. मला पटत नाही, पण घाईनं पाखंड म्हणू नये.

तुझ्या पुठ्ठ्यांचं मात्र बोलायला हवं. जकार्डचे पुठ्ठे भोकं पाडून लावले की फूल तसंच येणार, हे खरं. पण पुठ्ठा फुलाला जाणत नाही, पुठ्ठा फूल घडवतो. तू ‘देव जाणतो’ म्हणत सुरुवात केलीस आणि ‘देव पाडतो’वर येऊन पोचलास. मधला रस्ता तू चाललाच नाहीस. देव नुसता जाणत नाही, ठरवतोही, असं म्हणणारे आपल्यात आहेत. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्याचं म्हणणं तसंच आहे आणि त्याच्यामागे थोर माणसं उभी आहेत. पण कॅल्विनसुद्धा पापाचा दोष माणसाच्याच पदरात टाकतो. म्हणजे तुला हवी असलेली सुटका त्याच्याकडेही नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, तिथे येते. बायबलातलं पहिलं शमुवेल, अध्याय २३. आज रात्री काढून वाच, पाच मिनिटं लागतील. दावीद कईला गावात आहे. त्यानंच ते गाव पलिष्ट्यांच्या हातून सोडवलंय. राजा शौल त्याला मारायला टपलेला. दावीद देवाला विचारतो, शौल इथे येईल का? उत्तर येतं, येईल. आणि ज्यांना मी वाचवलं ते हे गावकरी मला त्याच्या हाती देतील का? देतील. मग दावीद काय करतो? ‘ठरलंच आहे’ म्हणून भिंतीला टेकून बसतो? तो आपली सहाशेच्या आसपास माणसं उठवतो आणि वेशीबाहेर पडतो. शौलाला कळतं, तो यायचा थांबतो. शौल आला नाही, गावकऱ्यांनी दिलं नाही. देवानं सांगितलेल्या दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत, आणि देव खोटा पडला नाही. कारण देवाचं ते जाणणं ‘जर’चं होतं. जर तू इथे राहिलास, तर.

याच्यावर लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइटानं १५८८ साली लिस्बनमध्ये एक जाडजूड ग्रंथ छापला. देवाला काय काय होऊ शकतं ते ठाऊक आहे, काय होणार तेही ठाऊक आहे, आणि या दोन्हींच्या मधलं एक आहे: कुठला माणूस कुठल्या परिस्थितीत सापडला तर स्वतःच्या मर्जीनं काय करेल. त्याला तो मधलं ज्ञान म्हणतो. या विषयावर जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन कॅथलिक साधुसंघ इतके भांडले की रोममध्ये वर्षानुवर्षं चौकशी चालली, आणि १६०७ साली पोप पाचव्या पॉलनं निकाल न देताच दोघांना एकमेकांवर पाखंडाचा शिक्का मारू नका म्हणून घरी पाठवलं. तेव्हा मोलिना शंभर टक्के बरोबर असं मी म्हणत नाही. न घडलेल्या गोष्टीचं ‘जर-तर’ खरं ठरतं कशाच्या जोरावर, हा त्याच्यावरचा आक्षेप मला आजही सुटलेला नाही. पण कईलाची गोष्ट माझ्या खिशात कायम असते.

कारण तुझ्या बाबतीत ‘जर’ कुठे होतं? तू सारखा पेल्यापाशी उभा राहून विचारतोयस, तिथे मला सुटका होती का. बँड चालू, मित्रांचा गराडा, कुणीतरी हातात पेला कोंबलेला, बारा वर्षांची सवय. तिथे फारशी सुटका नसेलही, मी कबूल करते. जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन याच्यातला जाणता माणूस. भावी गोष्ट देवाला ठाऊक असल्यानं ती लादली जात नाही, जसं तुला आठवतं म्हणून होऊन गेलेली गोष्ट लादली गेली असं नसतं, हे त्यानं तर्कानं मांडलं. पण स्वतःबद्दल लिहिताना तो वेगळंच सांगतो: वाकड्या इच्छेतून वासना झाली, वासनेच्या मागे गेलो तर सवय झाली, सवयीला अडवलं नाही तर ती गरज झाली, अशी कडीत कडी अडकत मी माझ्याच इच्छेच्या साखळीनं बांधला गेलो. तुला त्या रात्री बांधलं होतं ते या साखळीनं. स्तोत्रातल्या देवाच्या जाणण्याला तू उगाच धरलंस.

साखळीच्या अलीकडे मात्र जागा होती. संध्याकाळी सातला तू इस्त्रीचा शर्ट चढवलास ना, तिथे. वरातीत काय असतं हे तुला माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस. दावीदानं कईलाच्या लोकांच्या सद्‌बुद्धीवर पैज लावली नाही, तो गाव सोडून गेला. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

म्हणून जानेवारीचं ऐक. मावसभावाच्या लग्नाला जा. चर्चमध्ये आईच्या शेजारी बस, जेव, दोघं मिळून घरी या. हळदीच्या रात्री जाऊ नकोस. मावसभावाला आधीच सांगून टाक, आणि त्या रात्रीची रातपाळी मालकाकडून मागून घे; जॉबर रातपाळीला स्वतःहून तयार झाला तर कुठला मालक नाही म्हणेल? पगाराच्या दिवशी पैसे आईच्या हातात.

त्याआधी डॉक्टर. आठवड्यातून तीन-चारदा म्हणतोस. पिणारा माणूस आकडा नेहमी कमी सांगतो, म्हणून हे लिहिते. रोज होत असेल तर मनानंच एकदम बंद करू नकोस. हात थरथरणं, घाम, भास, फिट, हे जिवावर बेतू शकतं. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा, खरा आकडा सांग. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा जवळपास कुठे भरते ते विचारून घे. त्यांची पहिली पायरीच अशी की दारूपुढे आमचं काही चालत नाही हे आम्ही कबूल केलं. तुझ्या तर्कबुद्धीला ते खुपेल: चालत नाही म्हणणारे स्वतःच्या पायांनी सभेला कसे येतात? जा आणि त्यांनाच विचार.

प्रभुभोजनाचं पाळकांशी बोल, मी मधे पडत नाही. फक्त लूकचा बावीसावा अध्याय वाचताना एक ओळ चुकवू नकोस. पेत्र नाकारणार हे सांगायच्या आधीच येशू त्याला म्हणतो, मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. म्हणजे नाकारणं जसं आधी माहीत होतं तसं वळणंही. तू स्तोत्रातलं तेवढंच उचललंस जेवढं तुला प्यायला सोयीचं होतं.

राहिली आई. माझ्या लेकीचा संसार मोडला तेव्हा मीही तिला म्हणाले होते, “मला ठाऊकच होतं.” खोटं होतं ते. मला काडीइतकं ठाऊक नव्हतं. नुसती भीती होती, आणि भीती खरी ठरली की आपण तिला शहाणपणाचं नाव देतो. लेकीनं आठ महिने फोन केला नाही.

तेव्हा आज घरी गेलास की भांडायला नको, माफी मागायलाही नको, आईला एवढंच विचार: ते बाहेरच्या खोलीतलं अंथरूण तिनं त्या एकाच रात्री घातलं होतं, की सात महिने रोज रात्री घालत होती आणि तू शुद्धीत आलास की मुकाट्यानं उचलत होती? काय म्हणते ते मला कळव.

तुझी,
मावशी